व्हेनिसला तुम्ही कितवे?

*आपण व्हेनिस बघत असतो तेव्हा व्हेनिसही आपल्याला बघत असतं. नुसतं बघत नाही, मोजतं, देशानुसार वेगळं काढतं आणि स्क्रीनवर मांडतं. या मोजणीचं पुढे होतं काय?*

युरोपची ग्रुप टूर केलेल्या कुणालाही विचारा, व्हेनिसचा प्रोग्रॅम ठरलेला असतो. मुक्काम मेस्त्रे नाहीतर पाडुआला. सकाळी बस थेट त्रोंकेत्तो नावाच्या बेटावर. तिथून बोट, सान मार्कोचा चौक, कबुतरं, काचेच्या कारखान्यात डेमो, गोंडोलातला फोटो आणि संध्याकाळी बसमध्ये परत अंताक्षरी. सहा तासांत व्हेनिस फिनिश! नावं ठेवायचं कारण नाही. दहा दिवसांच्या रजेत सहा देश बसवायचे म्हटले की असंच होणार.

गंमत पुढे आहे. ज्या त्रोंकेत्तोवर आपली बस थांबते आणि टूर मॅनेजर डोकी मोजतो, त्याच बेटावर आणखी कुणीतरी आपली डोकी मोजत असतं. तिथे व्हेनिस महापालिकेची 'स्मार्ट कंट्रोल रूम' आहे. २०२० साली सुरू झालेली, सुमारे ३० लाख युरो खर्चून उभारलेली. भिंतभर स्क्रीन. कुठल्या पुलावर किती गर्दी, कुठल्या कालव्यात किती बोटी, वापोरेत्तो म्हणजे तिथली पाण्यावरची बेस्ट बस कुठवर पोहोचली, भरतीचं पाणी किती चढलं, सगळं एका जागी दिसतं. आणि आज शहरात किती माणसं आलीत आणि ती कुठल्या देशांतून आलीत, हेसुद्धा.

आता तुम्ही म्हणाल, मी इटलीत कुणाला सांगितलंच नाही की मी भारतातून आलोय! तुम्ही नाही, तुमच्या मोबाइलने सांगितलं.

फोन फितूर होतो तो असा

फोन चालू असला की तो जवळच्या टॉवरला सारखी हाळी देत असतो, 'मी इथे आहे'. तुम्ही कॉल करा नाहीतर करू नका. सिमकार्डाच्या नंबरात देशाचा कोड असतो. इटलीचा २२२, भारताचा ४०४ (आयटीवाल्यांनो, हसू नका, ४०५ पण आहे). टिम या इटलीच्या बड्या टेलिकॉम कंपनीचे टॉवर हे फोन मोजतात. इतर कंपन्यांच्या नेटवर्कवरचे फोन तिला दिसत नाहीत, त्यांचा अंदाज बाजारातल्या आपल्या हिश्श्यावरून बांधतात. मग येते वेळ. फोन रात्री तिथेच झोपला तर मुक्कामी पाहुणा. रोज सकाळी येऊन संध्याकाळी जाणारा असेल तर नोकरदार. एकदाच उगवला आणि सहा तासांत गडप झाला की तो डे ट्रिपर. म्हणजे बहुतेक वेळा आपण!

महापालिकेच्या हाती नावं किंवा नंबर येत नाहीत, येतात ते एकत्र केलेले आकडे, असं तिने वेळोवेळी सांगितलं आहे. पुलांवरचे कॅमेरेही चेहरे ओळखायला नसून आकृत्या मोजायला आहेत, असं तिचं म्हणणं. मला त्यात खोट दिसत नाही. उलट हे आकडे वाटतात तितके पक्के नसतात याचीच जास्त मजा वाटते. टूरला निघताना स्वस्तातलं ट्रॅव्हल ई-सिम घेतलंत तर त्याचा देश भलताच असू शकतो. म्हणजे डोंबिवलीचे काका स्क्रीनवर पोलंडचे नागरिक! कुणाकडे दोन फोन, कडेवरच्या पोराकडे एकही नाही. पण एका दिवसात लाखभर माणसांच्या हिशेबात हे चालून जातं.

खरा प्रश्न मोजण्याचा नाहीच. मोजलेलं कुणाला दिसतं, हा आहे.

क्यूआर दाखवा, आत या

आई-बाबांना घेऊन मी मे २०२५ मध्ये व्हेनिसला गेले. शनिवार होता, म्हणजे तिकिटाचा दिवस. हो, तिकीट! शहरात शिरायचं तिकीट. २५ एप्रिल २०२४ पासून ठरावीक गर्दीच्या दिवशी, सकाळी साडेआठ ते दुपारी चार या वेळात जुन्या शहरात येणाऱ्या, एका दिवसापुरत्या पाहुण्याला पैसे भरावे लागतात. पहिल्या वर्षी ५ युरो, २९ दिवस. २०२५ मध्ये ५४ दिवस आणि नवा फंडा: चार दिवस आधी बुक केलंत तर ५, अगदी शेवटच्या क्षणी जाग आली तर १०. २०२६ साठी एप्रिल ते जुलैमधले ६० दिवस जाहीर झाले. विनाक्यूआर सापडलात तर दंड ५० पासून ३०० युरोंपर्यंत.

इथे एक कामाची गोष्ट, टूर ठरवताना उपयोगी पडेल. मेस्त्रे हे व्हेनिस महापालिकेच्याच हद्दीत येतं. तिथल्या हॉटेलात राहिलात तर तुम्ही मुक्कामाचा कर भरलेला असतो, म्हणून प्रवेशाचे पैसे माफ. पाडुआ हद्दीबाहेर, म्हणून तिथे राहणाऱ्याने भरायचे. पण माफी असली तरी नोंदणी चुकत नाही. ऑनलाइन जायचं, आपण कोणत्या कारणाने सूट मागतोय ते सांगायचं आणि क्यूआर घ्यायचा. आम्ही मेस्त्रेवाले, तर फुकट क्यूआर. बोटीत भेटलेलं नाशिकचं एक कुटुंब पाडुआवाले, तर माणशी दहा युरो. आईचा यावरचा शेरा ऐका: "अगं, पंढरपूरला यात्राकर असायचा, तसंच आहे की! फक्त तिथे वारकऱ्याला विचारायचे नाहीत, तू परवा कुठे झोपला होतास म्हणून."

आईने नेमकं बोट ठेवलं. यात्राकराच्या पावतीवर पैसे असायचे. या क्यूआरमागे माहिती आहे, आणि शहराला पैशांपेक्षा तीच जास्त हवी होती. अमुक तारखेला किती लोक येणार, त्यातले किती मुक्कामी, किती विद्यार्थी, किती नोकरदार, हे आधी कळलं तर बोटी किती सोडायच्या, कचऱ्याच्या गाड्या किती लावायच्या (तिथे त्याही बोटीच!) हे ठरवता येतं. महापालिकेचं म्हणणं हेच होतं, की ही व्यवस्था कमाईसाठी नाही, नियोजनासाठी आहे.

आकडे काय म्हणतात? पहिल्या दिवशी साधारण १ लाख १३ हजार लोकांनी नोंदणी केली. पैसे भरणारे होते १५,७०० च्या आसपास. बाकी सगळे सूटवाले: हॉटेलांतले पाहुणे, कॉलेजची मुलं, कामावर येणारे. २०२४ च्या २९ दिवसांत मिळून सुमारे ४ लाख ८५ हजार जणांनी पैसे भरले, जमा झाले साधारण २४ लाख युरो. २०२५ मध्ये भरणारे ७ लाखांच्या वर आणि रक्कम सुमारे ५४ लाख युरो.

गर्दी कमी झाली का? विरोधी नगरसेवक जोव्हानी आंद्रेआ मार्तिनी यांनी शहराच्याच आकड्यांवर बोट ठेवलं: २०२४ मध्ये तिकिटाच्या पहिल्या ११ दिवसांत रोज सरासरी ७५ हजार पाहुणे आले, आदल्या वर्षीच्या तशाच सुट्टीच्या दिवसांपेक्षा जवळपास दहा हजारांनी जास्त. पाच युरोंत व्हेनिस मिळत असेल तर कोण थांबणार? इतक्या पैशांत सान मार्कोला बसून धड कॉफीही होत नाही.

पण मार्तिनींना हे विचारता आलं, कारण आकडा बाहेर आला होता. तो कंट्रोल रूममध्येच राहिला असता, तर 'गर्दी आटोक्यात आहे' एवढं प्रेसनोटमधलं वाक्य आपण सगळ्यांनी वाचलं असतं आणि पान उलटलं असतं.

औषधाच्या दुकानातला स्मार्ट स्क्रीन

व्हेनिसमधला मला सगळ्यात आवडलेला स्क्रीन कंट्रोल रूममध्ये नाहीच. रिआल्तो पुलापासून दोन मिनिटांवर, कांपो सान बार्तोलोमिओ नावाच्या चौकात एक औषधांचं दुकान आहे. त्याच्या काचेत एक छोटा लाल आकड्यांचा बोर्ड. २००८ पासून तिथे आहे. त्यावर एकच आकडा: जुन्या शहरात आज राहणाऱ्या माणसांची संख्या. शेअर बाजाराच्या इंडेक्ससारखा, फक्त हा वर जायचं नाव घेत नाही. १९५१ साली या शहरात पावणेदोन लाख माणसं राहत होती. २०२२ च्या ऑगस्टमध्ये हा आकडा ५० हजारांच्या खाली घसरला. आपल्या एखाद्या मोठ्या वॉर्डात याहून जास्त लोक असतील.

मग २०२३ मध्ये 'ओचो' या गटाने दुसरा बोर्ड लावला, एका पुस्तकाच्या दुकानात. हे लोक घरांच्या प्रश्नावर काम करतात. त्यांच्या बोर्डवर शहरातल्या पर्यटकांच्या खाटा: हॉटेलं, होमस्टे, भाड्याच्या फ्लॅट्समधल्या सगळ्या. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये खाटांचा आकडा रहिवाशांच्या आकड्याच्या पुढे गेला. दोन्ही ४९ हजारांच्या घरात. म्हणजे प्रत्येक व्हेनिसकरामागे एक पाहुणा, पार झोपेपर्यंत!

यात कुठलंही हाय-फाय सॉफ्टवेअर नाही. खाटांची नोंद महापालिकेकडे असते, ती सार्वजनिक असते, या मंडळींनी ती बेरीज करून काचेत लावली, एवढंच. पण या दोन बोर्डांनी जे केलं ते ३० लाख युरोंच्या भिंतीने केलं नाही. भिंत सांगते, आज पुलावर गर्दी आहे, दुसऱ्या पुलाने जा. बोर्ड सांगतात, वरच्या मजल्यावरच्या आजी गेल्या आणि त्यांच्या घरात आता चाकांच्या बॅगा येतात-जातात. दिवसभराच्या पाहुण्याला पाच युरोंचं तिकीट लावून हा प्रश्न सुटत नाही, कारण तो मुळात त्या पाहुण्याचा नाहीच. तो फ्लॅट्सचा आहे.

आणि फ्लॅट्सची माहितीच सगळ्यात अवघड. हॉटेलवाला पाहुण्याची नोंद चोवीस तासांत पोलिसांना कळवतो, टेलिकॉम कंपनी आकडे विकते, बोटीचं तिकीट मशीन मोजतं. पण कुठला फ्लॅट वर्षातले किती दिवस भाड्याने गेला, हे नेमकं ठाऊक असतं ते बुकिंगच्या वेबसाइटला, आणि ती कशाला सांगेल? कितीतरी वर्षं अभ्यासक आणि कार्यकर्ते 'इनसाइड एअरबीएनबी'सारख्या प्रकल्पांवर विसंबून होते. हे लोक साइटवर सगळ्यांना दिसणाऱ्या जाहिराती गोळा करून हिशेब मांडतात. २०२० मध्ये एअरबीएनबी, बुकिंग, एक्स्पीडिया आणि ट्रिपअॅडव्हायजर या चौघांनी युरोपियन युनियनच्या सांख्यिकी कार्यालयाशी करार करून एकत्रित आकडे द्यायला सुरुवात केली. पण एकत्रित म्हणजे गावाची गोळाबेरीज. गल्लीतला बेकायदा फ्लॅट त्यात सापडत नाही.

म्हणून युरोपियन युनियनने २०२४ मध्ये थेट नियमच केला, २० मे २०२६ पासून लागू होणारा. जिथे नोंदणीची पद्धत आहे तिथे भाड्याच्या प्रत्येक जागेला नंबर, तो जाहिरातीत दिसलाच पाहिजे, आणि मोठ्या साइट्सनी दर महिन्याला सरकारला कळवायचं: जागा कुठली, किती रात्री गेली, किती पाहुणे राहिले. ओळख पुसून हीच माहिती अभ्यासकांना देण्याचीही सोय आहे. इटलीने स्वतःचा राष्ट्रीय नंबर २०२५ पासून सक्तीचा केलाय. 'सीआयएन' म्हणतात त्याला. तिथे फ्लॅट बुक करणार असाल तर जाहिरातीत हा नंबर शोधा. नसेल तर पुढच्या जाहिरातीवर जा, भाव कितीही झक्कास असो.

आपल्याकडची वही

पाहुण्यांचा डेटा ठेवणं ही काही कंप्युटरवाल्यांची आयडिया नाही बरं का. नाशिकला, त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यायांकडे लांबच लांब वह्या असतात. गाव सांगा, आडनाव सांगा, ते बरोब्बर वही काढतात आणि तुमचे खापरपणजोबा कुणाला घेऊन आले होते ते वाचून दाखवतात. माझ्या बाबांनी त्यांच्या आजोबांचं मोडीतलं नाव तिथे पाहिलं तेव्हा ते पाच मिनिटं काही बोलले नव्हते. त्या वहीची एक खासियत आहे. जो नोंद देतो त्याला ती बघता येते, आणि पुढची भर तोच घालतो.

आता आपल्याकडच्या नव्या वह्या बघू. उटी आणि कोडाईकनालला मे २०२४ पासून गाडी घेऊन जायचं तर ई-पास लागतो. मद्रास हायकोर्टाचा आदेश. सीझनमध्ये निलगिरीत रोज साधारण २० हजार गाड्या चढतात हे कोर्टापुढे आलं, तेव्हा न्यायमूर्तींनी आधी बंदी घातली नाही, आधी मोजा म्हणाले. कोण येतंय, कुठल्या गाडीने, किती दिवसांसाठी. डोंगराला किती झेपतं याचा अभ्यास आयआयटी मद्रास आणि आयआयएम बेंगळुरूकडे सोपवला गेला. एप्रिल २०२५ पासून सीझनपुरती मर्यादा आली: उटीला रोज ६ हजार गाड्या, शनिवार-रविवारी ८ हजार, कोडाईला ४ आणि ६ हजार. स्थानिकांच्या गाड्यांना सूट. तिथल्या व्यापाऱ्यांनी याविरुद्ध बंदही पाळला, कारण हॉटेलची खोली रिकामी राहिली की हप्ता भरायचा त्यांनाच असतो. मला मोजण्याचा हा क्रम पटतो. पण ज्या आकड्यांवर एखाद्याचा धंदा आणि दुसऱ्याच्या बाल्कनीसमोरचं ट्रॅफिक जॅम ठरणार, ते रोजच्या रोज कोपऱ्यावरच्या चहावाल्यालाही दिसायला हवेत. निदान उटीच्या बसस्टँडवर एक लाल बोर्ड!

साताऱ्याच्या कासचं उदाहरण आणखी जवळचं. फुलांच्या सीझनमध्ये ऑनलाइन बुकिंग, दिवसाला तीन हजारांची मर्यादा, व्यवस्था वनखातं आणि आसपासच्या गावांच्या समित्या मिळून बघतात. इथे डेटा आणि माणसं एकाच ठिकाणी आहेत. ज्याच्या हातात बुकिंगची यादी तोच पठाराच्या कडेला राहतो, आणि तीन हजार म्हणजे काय हे त्याला संध्याकाळी कचरा उचलताना कळतं. पुणेकरांनो, तुम्ही गेटवर 'फक्त दोनच जण आहोत हो' म्हणून हुज्जत घालता तेव्हा हे आठवा.

हे झालं एकत्रित आकड्यांचं. पण टूरवर आपली खरी, नावागावासकट माहिती कुठे सांडते माहितेय? हॉटेलच्या काउंटरवर. ओळखपत्र बघणं, नोंद ठेवणं ठीक. पण आधारची झेरॉक्स? मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बेंगळुरू कार्यालयाने पत्रक काढलं, की परवाना नसलेल्या हॉटेलांनी आधारच्या प्रती घेऊन ठेवू नयेत. दोन दिवसांत ते पत्रक मागे घेतलं गेलं, गैरसमज होईल म्हणून. २०२३ मध्ये वैयक्तिक डेटाच्या संरक्षणाचा कायदा झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, मुख्य तरतुदींसाठी त्यानंतर दीड वर्षाची मुदत. तोवर एक सोपा उपाय: 'मास्क्ड' आधार डाउनलोड करून ठेवा. त्यावर शेवटचे चारच आकडे दिसतात. किंवा सरळ ड्रायव्हिंग लायसन्स पुढे करा.

गेल्या पावसाळ्यात आम्ही चौघी मैत्रिणी कोकणात एका बीचजवळच्या रिसॉर्टवर गेलो होतो. बुकिंग कन्फर्म करायला मॅनेजरने चौघींच्या आधारचे फोटो स्वतःच्या व्हॉट्सअॅपवर मागितले. चेक-आउटच्या दिवशी मी त्याला विचारलं, "दादा, या फोटोंचं पुढे काय करता?"

त्याने निरागसपणे फोनची गॅलरी उघडून दाखवली. मासे, मुलीचा वाढदिवस आणि त्यांच्या मधेमधे दोन वर्षांतल्या पाहुण्यांची आधार कार्डं. ठाणे, कोल्हापूर, पुणे, नवरा-बायको, आजी-आजोबा, सगळे. मी म्हटलं, आमचे चार पुसा. त्याने लगेच पुसले, बिचाऱ्याने कुरकूरही केली नाही.

"आणि बाकीच्यांचे?"

"असू दे की मॅडम," तो म्हणाला, "फोनमध्ये जागा आहे भरपूर."